कोपराचा आलेख

४ नोव्हेंबर २०२४

वाशीला स्किनच्या डॉक्टरकडे गेलो. मीनाने परस्पर अपॉइंटमेंट घेतली होती म्हणून, नाहीतर सोरायसिसबद्दल मला कोणी नवीन काही सांगेल असं उरलेलं नाही. श्रुती शाळेत जायला लागली तेव्हापासून तो माझ्याकडे आहे. डॉक्टर बदलले, तो टिकला.

वेटिंग रूममध्ये रिसेप्शनवरच्या मुलीने एक कागद दिला. पेशंटना आपला त्वचेचा आजार मोबाइल ॲपवर नोंदवायला आवडेल का, असा सर्व्हे. मी 'अजिबात आवडणार नाही'वर खूण केली. खाली जागा होती तिथे लिहिलं, की मी पेंटच्या कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे, मला मॉनिटरिंग शिकवू नये. शेजारचे गृहस्थ 'खूप आवडेल'वर टिक करून आनंदात बसले होते. चेहऱ्यावरूनच कळत होतं, यांना काहीही आवडत असणार.

डॉक्टर उत्कर्षा श्रुतीच्या वयाची. म्हणाली, काका, शर्ट काढा, पाठ बघू. म्हटलं, पाठ ठीक आहे. बाही वर करून कोपर दाखवलं, पँट वर करून नडगी दाखवली. तिने मलम लिहून दिलं. रोज दोनदा, सगळीकडे लावा म्हणाली. सगळीकडे म्हणजे काय? अशी ढोबळ भाषा आमच्याकडे कोणी वापरली तर मी बॅच परत पाठवतो.

मलम घेतलं. कपाटात ठेवलं.

१० नोव्हेंबर

श्रुतीचं लग्न ठरलं. मुलगा सुयश. खारघरला राहतो, बोलतो कमी, हे चांगलं. १६ फेब्रुवारी, नेरूळचा हॉल.

व्याही म्हणजे फार हौशी प्रकरण. म्हणाले, दिलीपराव, आमच्याकडे विधी अगदी पूर्ण होतात हां, शॉर्टकट नाही. कन्यादानाला मुलीचे वडील सोवळ्यात बसतात, वर फक्त उपरणं. असं म्हणून हसले. मीही हसलो. मीना हसली नाही, माझ्याकडे बघत राहिली. अशाने लोकांना शंका येते.

११ नोव्हेंबर, सकाळ

झोप नीट लागली नाही. व्याह्यांकडचे पोहे तेलकट होते.

भाच्याच्या मुंजीचं आठवत राहिलं. तेव्हा मी उघडाच बसलो होतो, कोपरावर रुपयाएवढा चट्टा होता फक्त. बहिणीच्या जावेने तिचं तान्हं माझ्या मांडीवरून उचललं. बोलली काही नाही, हसत हसत उचललं. त्यानंतर मी कुठल्याच पूजेला बसलेलो नाही. सोसायटीचा सत्यनारायण आला की विचारतात, मी म्हणतो ऑडिट आहे. आमच्या कंपनीचं ऑडिट कायम सत्यनारायणालाच येतं, हे आजपर्यंत कोणाच्या लक्षात आलेलं नाही.

चहाच्या वेळी श्रुती म्हणाली, बाबा, मी गुरुजींना सांगते, झब्बा चालेल. म्हटलं, काही गरज नाही. मग मीना म्हणाली, नाहीतर बोरिवलीचे भाऊजी बसतील तुमच्या जागी, चालतं तसं. बोरिवलीचा! माझा हा चुलत भाऊ स्वतःच्या लग्नात अर्धा वेळ पार्किंगवरून भांडत होता. तो माझ्या मुलीचा हात दुसऱ्याच्या हातात देणार आणि मी खाली खुर्चीवर बसून आइस्क्रीम खाणार?

निश्चय: माझ्या मुलीचं कन्यादान मीच करणार, आणि उघड्या अंगाने करणार. फेब्रुवारीपर्यंत अंग क्लिअर. क्वालिटीच्या माणसाला तीन महिने म्हणजे चिक्कार झाले.

१३ नोव्हेंबर

एक ॲप डाउनलोड केलं. 'त्वचासखा'. वापरत नाहीये, तपासतोय.

नाव, वय, वजन. वजन कशाला पाहिजे कळलं नाही, जुनं लिहिलं. मग माणसाचा बाह्याकार येतो, त्यावर आपली जागा दाबायची, त्या जागेचा फोटो काढायचा, आणि खाज किती ते शून्य ते दहामध्ये सांगायचं. डावं कोपर दाबलं. उजव्या हाताने डाव्या कोपराचा फोटो छान येतो. खाज: दोन. रडवेपणा मला जमत नाही.

ॲपने विचारलं, इतर जागा जोडायच्या आहेत का? हो. नंतर. मी 'नंतर' दाबलं.

१४ नोव्हेंबर

निष्पक्षपणे पाठीचाही फोटो काढून पाहिला. बाथरूममध्ये, आरशाकडे पाठ करून, हात खांद्यावरून मागे नेऊन. पहिल्या फोटोत गिझर आला. दुसऱ्यात माझा कान. तिसऱ्याच्या वेळी मीनाने दार वाजवून विचारलं, काय करताय, मी काढून देऊ का फोटो? म्हटलं, पाठीला काही नाहीये, घामोळं आहे. ती म्हणाली, नोव्हेंबरात? नवी मुंबईत घामोळं बाराही महिने असतं. तिला सायन्सचा गंध नाही.

२२ नोव्हेंबर

नवीन शिस्त. वांगं बंद. लोणचं बंद. रात्रीचा चहा बंद. रोज सकाळी अंघोळीनंतर कोपराचा फोटो.

मलमाचं म्हणाल तर, कोरडं कोपर फोटोत पांढरट येतं आणि ॲप गोंधळतं. म्हणून फोटोपुरतं लावतो, सकाळी आणि रात्री. उपचार म्हणून नाही.

२३ नोव्हेंबर

रात्रीचा चहा घेतला. पाहुणे होते.

६ डिसेंबर

आलेख उतरतोय. ॲपमध्ये हिरवी रेघ येते, ती चट्ट्याची तीव्रता दाखवते. सरळ घसरगुंडी. 'तुमची प्रगती उत्तम आहे' असं आलं, वर टाळ्या वाजवणारे हात. चापलुसी मला आवडत नाही. स्क्रीनशॉट ठेवला.

मीनाला दाखवला. तिने चष्मा लावून बघितला आणि म्हणाली, कोपर खरंच छान झालंय, मलमाने गुण दिला. मलमाने? रोज न चुकता नोंद कोणी ठेवली? ज्यावर नजर असते ते सुधारतं, हे मॅनेजमेंटमध्ये पहिल्या दिवशी शिकवतात.

मग म्हणाली, तेच मलम पाठीला लावून देते ना रात्री. मी टीव्हीचा आवाज वाढवला.

११ डिसेंबर

तुर्भ्याला कंपनीत आज डोकं फिरलं. नवीन केमिस्ट संघप्रिया. बॅचचं सॅम्पल तिने फक्त पुढच्या रांगेतल्या ड्रममधून घेतलं. मागची रांग भिंतीला लागून आहे, तिथे पोचायला वाकावं लागतं, कपडे खराब होतात. विचारलं तर म्हणाली, सर, पुढचे सगळे ओके आले, मागचेही सेमच असतील ना.

सेमच असतील! मेमो दिला. लेखी. त्यात लिहिलं: 'हात पोचतो तिथलंच सॅम्पल घेणे म्हणजे तपासणी नव्हे. दोष नेहमी हात न पोचणाऱ्या जागी असतो.' नोटीस बोर्डवर पण लावला. वाक्य चांगलं उतरलंय. तिने वाचून सही केली. ही पिढी मनाला लावून घेत नाही.

१९ डिसेंबर

घरात नवीन कटकट. रोज सकाळी माझ्या बाजूच्या चादरीवर पांढरा भुगा. गडद निळी चादर, त्यामुळे जास्तच दिसतो. ऑफिसच्या खुर्चीवरही असतो, पण तिथे एसीची डक्ट आहे. घरी मात्र सरळ सरळ सीलिंगचं प्लास्टर आहे. सोसायटीकडे तक्रार केली.

मीना म्हणाली, अहो, तक्रार नका करू. का नको? मेंटेनन्स भरतो.

२२ डिसेंबर

सेक्रेटरी हौसेराव स्वतः आले. साताऱ्याकडचे, रिटायर्ड माणूस, कोणाच्याही घरात जायला कारण लागत नाही. स्टुलावर चढून काठीने सगळं सीलिंग ठोकून पाहिलं. म्हणाले, साहेब, प्लास्टर टाइट हाय, कुटं पोकळ वाजत न्हाय. तुमी टेन्शन घेऊ नका. मग खाली उतरले, चादरीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि एकदम म्हणाले, वैनी, चहा न्हाय का आज.

कसला तपास? बिल्डरशी संगनमत असणार. बेड सहा इंच सरकवून घेतला.

२३ डिसेंबर

भुगा बेडबरोबर सरकला. म्हणजे वरून क्रॅक लांबपर्यंत गेलेली आहे.

४ जानेवारी २०२५

वाशीला फॉलोअप. वेटिंग रूममध्ये तेच 'खूप आवडेल'वाले गृहस्थ. ॲप वापरता का विचारलं. म्हणाले, घेतलं होतं, पहिल्या आठवड्यानंतर उघडलंच नाही. मला माहीत होतं. त्यांना माझा आलेख दाखवला, समजावून सांगितला. शेजारच्या बाईंनाही दाखवला. त्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे आल्या होत्या, पण ऐकून घेतलं.

डॉ. उत्कर्षाने आलेख पाहिला. म्हणाली, छान, काका, पण हा एका कोपराचा आलेख आहे. म्हटलं, सॅम्पल असंच असतं, सगळा ड्रम कोणी पीत नाही. ती हसली. परत म्हणाली, शर्ट काढता का? थंडीत वाढतं, लाइट थेरपी सुरू करता येईल, लग्नाच्या आधी बराच फरक पडेल. म्हटलं, घाईत आहे.

काका म्हणून डोक्यावर बसतात हे लोक.

१२ जानेवारी

पाठीला खाज. घामोळ्याची. बेडरूमच्या दाराच्या चौकटीची कड त्यासाठी उत्तम आहे. ॲपवर: दोन. प्रश्न कोपराबद्दल होता.

ॲप रोज विचारतं, इतर जागा जोडायच्या का. रोज 'नंतर' दाबतो. इतका चिवट सेल्समन माणसांतसुद्धा पाहिला नाही.

२४ जानेवारी

मीनाशी वाजलं. झोपायच्या आधी ती ट्यूब घेऊन बसली आणि म्हणाली, फक्त पाच मिनिटं, लाइट बंद करून लावते, मी बघणारसुद्धा नाही. बघणारसुद्धा नाही! म्हणजे बघण्यासारखं काही आहे असं गृहीत धरलं हिने. मी म्हणालो, तुला नवरा धडधाकट झालेला बघवत नाही. तिने ट्यूबचं झाकण लावलं, टेबलावर ठेवली आणि कुशीवर वळली.

अबोला. तिचा. माझा नाही.

२७ जानेवारी

अबोला संपला. केळवणाला किती माणसं, हे विचारावंच लागलं तिला.

२ फेब्रुवारी

सोवळं आलं. मोरपंखी काठ. घरी कोणी नसताना नेसून आरशासमोर उभा राहिलो. समोरून एकदम क्लिअर. छाती क्लिअर. पोट आहे, पण ते त्वचेचं खातं नाही. नडग्या झाकल्या जातात. कोपर म्हणजे तर बाळाचं. इतकं बरं वाटलं की तसाच थोडा वेळ हॉलमध्ये बसून पेपर वाचला.

खरं सांगायचं तर डोळे भरून आले. कोणी नव्हतं म्हणून लिहितोय.

८ फेब्रुवारी

ॲपने बॅज दिला. 'त्वचावीर'. श्रुतीला फॉरवर्ड केला. तिने अंगठा पाठवला. मग रात्री जवळ येऊन बसली आणि म्हणाली, बाबा, उपरणं खांद्यावर पिनने लावून घेऊ या का, सरकणार नाही. पिना! मुलीचा बाप आहे, फॅन्सी ड्रेसमधला ऋषिमुनी नाही. म्हटलं, तू तुझ्या मेंदीचं बघ.

१५ फेब्रुवारी

उद्या. शेवटचा फोटो काढला. ॲप म्हणतं, सुधारणा एक्क्याण्णव टक्के. बोरिवलीच्या चुलत भावाला फोन करून सांगितलं, तू वेळेवर ये, पण जेवायला.

१७ फेब्रुवारी

झालं. ठणठणीत झालं. सविस्तर लिहितो, असे दिवस रोज येत नाहीत.

गुरुजींचा पूर्व-पश्चिमेचा काहीतरी हिशोब होता. नवरदेवाचं तोंड पूर्वेला, माझं त्याच्यासमोर, म्हणजे अख्ख्या हॉलकडे माझी पाठ. मला जरा वाईट वाटलं, कोपर लोकांना नीट दिसलं नसतं. म्हणून हात जरा बाहेर काढून बसलो. मीना शेजारी. ही सारखी माझं उपरणं ओढून पाठीवर पसरत होती. मी काढून मांडीवर घेतलं. तिने परत पसरलं. मी हळूच दरडावलं, की एवढी तीन महिने मेहनत केली ती झाकायला नाही. मग ती नुसती पदराशी चाळा करत राहिली. आईचं मन, भरून येणारच.

मागे कुजबूज चालली होती. कौतुकाची असते ती वेगळी कळते. आणि मग सुयशची आजी, पुतळाबाई, नव्वदीच्या आसपासच्या, काठी टेकत स्टेजवर आल्या. माझ्या मागे उभ्या राहिल्या आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. एकदा नाही, कितीतरी वेळ, वरून खाली, पदराने. मला अवघडल्यासारखं झालं, पण हललो नाही. एवढ्या वडीलधाऱ्या बाईंनी भर मांडवात नातवाच्या सासऱ्याला असा आशीर्वाद देणं म्हणजे साधी गोष्ट नाही.

मग श्रुतीचा हात सुयशच्या हातात दिला. माझाच हात होता. वर पाणी सोडलं. तेव्हा मात्र मला समोरचं नीट दिसेना. मी उघडा बसलो आणि कोणी काही उचलून नेलं नाही.

बोरिवलीच्याने तीन आइस्क्रीम खाल्ली.

२० फेब्रुवारी

घर रिकामं. मीना कमी बोलते. चादर बदलून पांढरी घातली तिने. प्लास्टर दिसत नाही आता.

ॲपवाल्यांना ईमेल पाठवला, की माझी केस इतर पेशंटना प्रेरणा म्हणून वापरायची असेल तर हरकत नाही.

२ मार्च

श्रुती आणि सुयश जेवायला आले होते. व्हिडिओग्राफरने पेन ड्राइव्ह दिला म्हणाले. मी म्हटलं, लावा टीव्हीवर. श्रुती म्हणाली, आत्ता नको बाबा, जेवून निवांत कधीतरी. मी म्हटलं, निवांतच आहोत.

टीव्ही मोठा आहे. दिवाळीतच घेतला होता, पिक्चर क्वालिटी बघून. मीच पसंत केला होता.

कन्यादान आलं. कॅमेरा हॉलच्या बाजूने होता. एक माणूस बसला होता, कॅमेऱ्याकडे पाठ करून. मानेपासून कंबरेपर्यंत लाल, त्यावर पांढरे पोपडे. क्षणभर वाटलं, हे कोण आलंय आपल्याकडचं. मग त्याने डावं कोपर बाहेर काढून लोकांना दाखवलं.

श्रुती उठून टीव्हीच्या आड आली, काहीतरी शोधत असल्यासारखी. म्हटलं, बाजूला हो. स्क्रीनवर मीना उपरणं पसरत होती, तो माणूस काढत होता. ती पसरत होती, तो काढत होता. सोवळ्यावर, पाटावर सगळीकडे भुगा पडला होता. मी अक्षता असाव्यात म्हणणार होतो, पण अक्षता केशरी होत्या.

मग पुतळाबाई आल्या. आशीर्वाद देत नव्हत्या. झटकत होत्या. पदराच्या टोकाने, हलक्या हाताने, लहान मुलाच्या अंगावरची माती काढतात तशा. खाली पडलं ते दुसऱ्या हातात गोळा करून पदरात बांधून घेतलं, मांडवात पडू नये म्हणून. मग नुसताच हात पाठीवर ठेवला, जिथे सगळ्यात लाल होतं तिथे, आणि तो माणूस छाती पुढे काढून ताठ बसला.

सुयश एरवी बोलत नाही. त्याने टीव्ही बंद केला आणि माझ्याकडे न बघता सांगितलं, की आजी त्या दिवशी गाडीत म्हणाली, रोज तेल लावायला पाहिजे तिथं. बिचाऱ्यांचा हात पोचत नसेल.

मीना बशा उचलायला आत गेली. बशा रिकाम्या नव्हत्या.

३ मार्च

संघप्रियाला दिलेला मेमो परत घेतला. नोटीस बोर्डवरचा काढला, कारण लिहिलं नाही. तिने विचारलं, सर, काही चुकलं का परत? म्हटलं, नाही. म्हणाली, मागच्या रांगेतलं सॅम्पल आता मी दोघांना घेऊन काढते सर, एकट्याने होत नाही. म्हटलं, हं.

सीलिंगची तक्रार मागे घेतली. हौसेराव म्हणाले, कसली तक्रार साहेब, मी लिवलीच न्हवती.

रात्री मीनाला फोन दिला. शर्ट काढला आणि पाठ करून बसलो. लाइट बंद करू का, एवढंच म्हणाली. म्हटलं, राहू दे. तिने फोटो काढला, एकच, नीट आला. गिझर नाही, कान नाही. ॲपने विचारलं, इतर जागा जोडायच्या आहेत का. 'हो' दाबलं. हिरवी रेघ होती ती सरळ वर गेली, टाळ्या वाजवणारे हात गेले, त्वचावीरचा बॅज गेला. खाली आलं: आपण सुरुवात करत आहात.

मलम गार लागतं. इतकी वर्षं माहीत नव्हतं.

ॲप: आज खाज किती? दोन लिहिलं. मीना मागून वाचत होती. खोडलं. नऊ.